भोयांचे पाय

खंडाळा म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे खंडाळे उभे राहते. १९९८ साली एका हिंदी चित्रपटगीताने तर या समजावर देशभर शिक्कामोर्तबच केले. त्यामुळे आम्हांला आपला पत्ता सांगताना 'पारगाव खंडाळा', 'खंबाटकीच्या अलीकडचे', 'पुण्याहून साताऱ्याला जाताना लागते ते' अशी शेपटे जोडावी लागतात. हे आमचे खंडाळा लोकांना ठाऊक आहे ते वाटेवरचे गाव म्हणून. गाडी थांबते, चहा होतो, पुढे घाट लागतो. येथून जवळच्या नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या, शिरवळला नीरेच्या काठी सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता आणि १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी शिवरायांच्या माणसांनी तो परत घेतला, हे महामार्गावरून जाणाऱ्याला कळण्याची सोय नाही. सुभानमंगळाचे तर आता एवढे थोडे उरले आहे की ते पाहायला गेलेला माणूसही काय पाहिले हे नीट सांगू शकत नाही.

पण या वाटेवरच्या गावाचा एक सौदा इतिहासात नोंदलेला आहे. १८२९ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वराचे पठार कंपनी सरकारासाठी घेतले, आणि त्याच्या मोबदल्यात महाराजांना एक गाव दिले. ते गाव म्हणजे त्या वेळी वाईकडे मोडणारे हे आमचे खंडाळा. एकीकडे थंड हवेचा डोंगरमाथा, दुसरीकडे रस्त्यावरचे गाव. पठारावर माल्कमच्या नावाने पेठ वसली, बंगले उठले. महाराजांनी त्याआधीच साताऱ्याहून वर जाणारा रस्ता स्वतः बांधवून घेतला होता. त्यांना १८३९ साली गादीवरून काढून काशीला पाठवण्यात आले, तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला आणि पुढच्याच वर्षी राज्यही खालसा झाले. म्हणजे खंडाळा काय आणि महाबळेश्वर काय, अखेरीस दोन्ही एकाच खिशात गेले. असो.

हा सौदा आम्हांला आठवला तो विभागाच्या वार्षिक सहलीच्या निमित्ताने. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या हिवाळ्यात सहलीवरून आमच्यातच वाद झाला. एकीचे म्हणणे, लक्झरी बस करावी, महाबळेश्वर आणि प्रतापगड एका दिवसात उरकावा, पोरे आनंदात परत येतील आणि पालकांची तक्रार राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, प्रतापगड सगळ्यांनी शाळेतच पाहिलेला आहे. बखर वाङ्मय शिकवायचे तर मुलांना एखाद्या ओस किल्ल्यावर चालवत न्यावे, पाय दुखल्याशिवाय किल्ला कळत नाही. वाद तसा जुनाच, पण खंडाळ्याच्या सौद्याची आठवण निघाली आणि तो आमच्या हातून सुटून फार मागे गेला.

महाबळेश्वराने डोंगर पाहण्याची एक निराळीच रीत आपल्याकडे आणली. तिला मराठीतही अजून 'पॉइंट' असेच म्हणतात. दुसरा शब्द रुळला नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ती वस्तू आपल्याकडे नव्हती. आपल्याकडे डोंगरावर देव असे, पाणी असे, चौकी असे. नुसते उभे राहून दूरचे बघायचे ठिकाण म्हणजे पॉइंट. १८२४ साली हा डोंगर चढून आलेल्या लॉडविक या लष्करी अधिकाऱ्याचे नाव एका कड्याला मिळाले, एल्फिन्स्टनचे दुसऱ्याला, आर्थरचे तिसऱ्याला. लॉडविक पॉइंटावरून प्रतापगड दिसतो. पुण्याहून निघालेले साहेब आमच्या खंडाळ्यावरून, खंबाटकी उतरून, वाईवरून, पसरणीचा घाट चढून वर येत. मुंबईचे साहेब सावित्रीच्या खाडीतून दासगावापर्यंत बोटीने आणि पुढे घाटाने. गव्हर्नर फॉकलंडच्या पत्नीचे १८५७ साली छापलेले प्रवासवर्णन आहे, त्यात महाबळेश्वरचे मुक्काम ऐसपैस आले आहेत. अशा लेखनात किल्ला हे एक दृश्य असते, आणि त्या दृश्याला कथा म्हणून अफजलखानाचा प्रसंग जोडलेला असतो. किल्ल्यावर पाणी कोठे होते, दाणा कोठे साठवत, वर राहणाऱ्याच्या घरात काय शिजे, हे पॉइंटावरून दिसत नाही.

उलट बाजूने पाहिले तर किल्ला ही वस्तू मुळात पाहुण्याच्या विरुद्ध रचलेली असते. एम. ए.च्या वर्गात 'आज्ञापत्र' शिकवताना आम्ही दुर्गांविषयीचे प्रकरण नेहमी सावकाश घेतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले रामचंद्रपंत अमात्यांचे हे गद्य. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे, वाटा सुगम ठेवू नयेत, असल्या तर मोडाव्यात, त्यांवर झाडी वाढवून दुसऱ्या अवघड वाटा कराव्यात, घेऱ्यातल्या जंगलाला हात लावू देऊ नये, असा आशय येतो. आज पर्यटन विकासाच्या आराखड्यांत 'सुलभ पोहोचमार्ग' हा शब्दप्रयोग हमखास असतो. अमात्यांनी तो वाचला असता तर गडाच्या हवालदाराला बोलावणे धाडले असते. विनोद सोडा, पण यातला वाङ्मयीन मुद्दा महत्त्वाचा आहे. पायऱ्यांची उंची, दरवाजापाशी अचानक घेतलेले वळण, बुरुजाआड दडवलेले तोंड, ही किल्ल्याची वाक्यरचना आहे. ती चढणाऱ्याच्या दमलेल्या शरीराला उद्देशून केलेली आहे. दम न लागता तेथे पोहोचलेला माणूस शब्द वाचतो, पण अन्वय त्याच्या ध्यानात येत नाही.

ही वाक्यरचना इंग्रजांना मात्र पुरती कळली होती. १८१८ च्या फेब्रुवारीत सातारा पडला आणि त्या वर्षात या भागातले किल्ले एकामागून एक गेले. नाशिक-खानदेशाकडे तर कॅप्टन ब्रिग्जने अलंग-कुलंगसारख्या गडांचे कातळातले जिनेच सुरुंगांनी उडवले. गड पाडण्यापेक्षा वाट तोडणे स्वस्त पडते. किल्ल्यांवर वतनाने राहणारे गडकरी कोठे जाणार, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. १८४४ साली सामानगडाच्या गडकऱ्यांनी उठाव केला तेव्हा तो वेगळ्या रीतीने पुढे आला. १८५७ नंतर, १८६२ मध्ये सरकारने किल्ल्यांची एक यादी करवली. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात किल्ल्यांच्या नोंदींमधून तिचे उतारे सापडतात. तिचे प्रश्न ठरलेले: तट शाबूत आहे का, वर शिबंदी आहे का, पाणी आहे का, दाणागोटा मिळतो का. 'मोडकळीस आलेला, पाणी नाही' एवढ्यावर एकेका किल्ल्याचा निकाल लागतो. निबंधाचे गुण देऊन टाकावेत तसे. पण एक कबूल केले पाहिजे. बंगल्यातून पॉइंटावर येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा या रुक्ष कारकुनी यादीला किल्ला जास्त समजला होता, कारण तिने पाण्याची चौकशी केली.

येथवर आमच्या वादात चालणाऱ्याची सरशी होत होती. मग दुसरीने सभासद काढला.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिली गेली. तिच्यातला अफजलवधाचा प्रसंग आम्ही दोघांनी मिळून किमान तीस वेळा शिकवला असेल. बिचवा, वाघनख, वकिलाचे भाषण, सय्यद बंडा, जिवा महाला, हे सारे मुलांना पाठ असते. प्रसंगाची पूर्वतयारी पाहावी. खान वाईला आहे. त्याला जावळीच्या रानात उतरवायचे आहे. त्यासाठी रान तोडून त्याच्या फौजेला वाट करून दिली गेली, असे ग्रँट डफही आपल्या १८२६ च्या इतिहासात सांगतो. अवघड वाटेचे शास्त्र जाणणाऱ्यांनी एकदाच सोपी वाट केली, आणि ती खानासाठी. पुढे भेटीच्या जागी खान पालखीतून आला. जखमी झाल्यावर भोयांनी त्याला पुन्हा पालखीत घातले आणि ते पळू लागले. तेव्हा संभाजी कावजीने काय केले? त्याने आधी भोयांचे पाय तोडले. पालखी भुईवर आली, मग खानाचे शिर कापले गेले.

भोयांचे पाय. तीस वेळा शिकवूनही आम्ही दोघेही या दोन शब्दांपाशी कधी थांबलो नव्हतो. परीक्षेत प्रश्न असतो तो बखरकाराच्या नाट्यपूर्ण शैलीचा, प्रसंगचित्रणाचा, फारसी शब्दकळेचा. भोई किती होते, कोठले होते, वाईचे की विजापूरहून आलेले, त्यांचे पुढे काय झाले, हे बखर सांगत नाही. सांगण्याचे तिला कारणही नाही. बखरकाराला दोष देण्याची ही जागा नव्हे. उलट त्याने ते पाय लिहिले म्हणून आज ते आपल्याला दिसतात. पालखी चालत असते तोवर भोई कथेत नसतातच. पालखी पडावी लागते, तेव्हा तिच्याखाली माणसे होती असे कळते.

या एका तपशिलाने आमच्या वादाचे दोन्ही पक्ष लंगडे झाले. 'आरामात' आणि 'पायी' असा भेद आपण करतो खरा, पण मोटारीचा रस्ता होण्याआधी डोंगरावर कोणीही पायांवाचून गेलेले नाही. प्रश्न फक्त कोणाच्या पायांनी, एवढाच. महाबळेश्वरी बंगल्यात बसलेल्या मडमेच्या किल्लादर्शनाची चाल खांद्याला दांडी लावलेल्या माणसांनी ठरवलेली होती. गिरनारला दत्ताच्या पादुकांना जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना डोलीचा अनुभव आहे. तेथे डोलीत बसणाऱ्याचे वजन काट्यावर करतात आणि वजनाप्रमाणे दर ठरतो. हा व्यवहार पाहताना अवघडल्यासारखे होते, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर किती पडणार, ते किलोत लिहिलेले असते. २०२० साली गिरनारला रोपवे झाला. रायगडाला तो १९९६ सालीच आला होता. आता काही मिनिटांत पाळणा वर जातो आणि कोणाचेच पाय दिसत नाहीत.

जगातही याहून वेगळे नाही. पेरू देशातल्या माचू पिचूला १९११ साली हायरम बिंगहॅम पोहोचला, तो स्थानिक शेतकऱ्याने दाखवलेल्या वाटेने, आणि शेवटचा टप्पा त्याला एका लहान मुलाने दाखवला. अवशेषांच्या आसपास शेती करणारी कुटुंबे तेव्हा राहतच होती. आज तेथे जाणारी आलिशान आगगाडी बिंगहॅमचे नाव मिरवते. पायी जाणाऱ्यांसाठी चार दिवसांची वाट आहे आणि त्या वाटेवर दिवसाला पाचशे माणसांची मर्यादा आहे; या पाचशेत तंबू-भांडी वाहणारे हमालही धरलेले असतात. म्हणजे पायी जाणाऱ्याचा संसारही दुसऱ्याच्या पाठीवरच. मुलाच्या नावाची गाडी कोणी काढलेली नाही.

चालणाऱ्यांचे आपल्या वाङ्मयावर ऋण मोठे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. इतिहासाचार्य राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले, हाताने रांधून खाल्ले, आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला तो आमच्या शेजारच्या वाईत हाती लागलेल्या कागदांतून. त्याआधी १८८३ साली जेम्स डग्लसने रायगडावरच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल इंग्रजीत लिहिले, ते वाचून आपल्याकडची शिकलेली मंडळी खजील झाली आणि १८९६ च्या एप्रिलात टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. परक्याने चढून जाऊन लिहिले तेव्हा आपल्याला आपल्या गडाची आठवण झाली, हे जरा झोंबणारे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी चिंतामण गंगाधर गोगट्यांनी 'महाराष्ट्र देशांतील किल्ले' लिहून माहितीचा पाया घातला. आणि मग गो. नी. दांडेकर. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून सह्याद्रीत उतरलेल्या दोन पिढ्या आम्ही पाहिल्या, त्यातल्या दुसऱ्या पिढीत आम्हीही होतो. प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे यांच्या पुस्तकांनी त्या वाटेला नकाशे दिले.

मात्र या लेखनपरंपरेकडे आता पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. पायी चालण्याचा एक सात्त्विक अहंकार तिच्यात हळूहळू साचत गेला. थोरांच्या लेखनात तो कमी, अनुकरण करणाऱ्यांच्यात भरपूर. माचीवरच्या झोपडीत रात्री पिठले-भाकरी मिळते, तिचे वर्णन चवीने येते. ती करणारी बाई 'मावशी' एवढ्यावर थांबते. वाट दाखवणारा धनगराचा पोरगा 'काटक' असतो, यापलीकडे त्याला गुण नसतो. गोनीदांचे वेगळेपण येथे जाणवते. गाथेत नाही तेवढी जागा त्यांनी या माणसांना कादंबरीत दिली. राजमाचीच्या आसऱ्याने जगणारा बुधा, तुंगच्या हवालदारकीचा वारसा सांभाळणारा धोंडी, ही 'माचीवरला बुधा' आणि 'पवनाकाठचा धोंडी' यांतली माणसे किल्ल्याचे अवशेष पाहायला आलेली नाहीत. ती तेथली आहेत. आमच्या मते गोनीदांचे दुर्गविषयक चिंतन पाहायचे तर या दोन कादंबऱ्या प्रवासलेखांच्या आधी वाचाव्यात. हे मत आमच्या विभागातही सर्वमान्य नाही.

शिवाय आता पायी जाणे हीच एक सहल-कंपनीची वस्तू झाली आहे. शनिवारी मध्यरात्री शहरातून बस सुटते, पहाटे पायथ्याला पोहे, दुपारी माथ्यावर छायाचित्रे, रात्री घरी. पावसाळ्यात काही गडांच्या वाटांवर इतकी गर्दी होते की रांगेत उभे राहावे लागते. आरामाची सहल आणि पायी सहल यांत मग पायांतल्या बुटांखेरीज फारसा फरक उरत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्यांत बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. राजगड, रायगड, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतची ही यादी. सातारा जिल्ह्यातला त्यात एक प्रतापगड. ज्या जिंजीत बखर लिहिली गेली ती जागा आणि जिथे बखरीतले भोई पडले ती जागा आता एकाच यादीत आहेत.

प्रतापगडाबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते. मोटारींचा ताफा वर जात होता आणि पसरणी घाटात, पोलादपूरच्या बाजूला, काळी निशाणे घेतलेली माणसे रस्त्याच्या कडेने हजारोंनी उभी होती. मिळेल त्या वाहनाने आणि कित्येक जण चालत आलेली. गडावर त्या दिवशी जे घडले त्याची छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत गेली. घाटात जे घडले ते वाईकडच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात राहिले.

आमच्या सहलीचा निर्णय शेवटी पायी पक्षाच्या बाजूने लागला. खंबाटकी ओलांडून वाई, मेणवली, आणि तेथून पांडवगड. शिलाहार भोजाच्या नावावर सांगितला जाणारा किल्ला; वर पांडजाईचे देऊळ, पाण्याची टाकी, ढासळलेला तट. चढाईला दोन-अडीच तास. सूचनाफलकावर कागद लागला त्याच दिवशी एम. ए. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिच्या एका पायाला लहानपणापासून अधूपणा आहे; ती कुबडी घेऊन चालते. तिने तक्रार केली नाही. "सर, मॅडम, मी कुठून बघू?" एवढेच विचारले.

वर्गातल्या मुलांना हे कळले तेव्हा ती हळहळली. चौघे जण पुढे आले, आम्ही तिला डोली करून नेतो म्हणाले. मुले मनापासून बोलत होती. आम्हांलाही, खरे सांगायचे तर, तो तोडगा आवडला. सहलीला एक चांगला प्रसंग लाभेल असेही मनात येऊन गेले. तिने नकार दिला. म्हणाली, "नको. मग सगळे माझेच फोटो काढतील, किल्ला राहील बाजूला." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सभासदाचा वाद तिच्या कानावर गेलेला नव्हता.

मग असे ठरले की बस मेणवलीला सगळ्यांना सोडेल, आणि आमच्यातली एक जण तिला घेऊन वाईजवळच्या लोहारे गावच्या लेण्यांपाशी जाईल. ही बौद्ध लेणी आहेत. पैकी एका गुहेतला मोठा स्तूप आज पाळपेश्वर महादेव म्हणून पुजला जातो. चढण थोडीच आहे, ती तिने कुबडीवर, थांबत थांबत चढली. पांडवगडावर गेलेली मंडळी संध्याकाळी उन्हाने भाजून, काट्यांनी ओरबाडून, अत्यंत खुशीत परत आली.

आठवड्याने अहवाल आले. एकतीस. पांडवगडाचे तीस आम्ही उत्साहाने वाचायला घेतले आणि दहाव्यापाशी आमचा उत्साह ओसरला. सगळ्यांत पहिली दोन पाने चढाईची होती. धाप, तहान, घसरडी वाट, कोणाची चप्पल तुटली, कोणी कोणाला हात दिला, माथ्यावर आल्यावरचा आनंद. किल्ला शेवटच्या अर्ध्या पानात, तोही माहितीफलकावरून उतरवल्यासारखा. टाक्यात पाणी होते की नाही, हे तिसांपैकी चौघांनीच लिहिले होते. आमच्या 'पाय दुखल्याशिवाय किल्ला कळत नाही' या सिद्धांताचे काय झाले ते येथे सांगायला नको. पाय दुखले की पाय कळतात, एवढे सिद्ध झाले. दमलेल्या शरीराला किल्ल्याचा अन्वय लागतो असे आम्ही वर मोठ्या दिमाखात लिहून गेलो आहोत. ते वाक्य खोडावे की ठेवावे यावर आमच्यात अजून एकमत नाही, म्हणून तूर्त ठेवले आहे.

तिचा अहवाल सात पानांचा होता. ती गुहेच्या तोंडाशी तीन तास बसली होती. तेवढ्या वेळात कोण कोण आले याची तिने नोंद केली होती. शेतावर जाता जाता बाहेरूनच हात जोडणारा म्हातारा, नवस फेडायला आलेले नवे जोडपे, सावलीत डबा खाणाऱ्या दोन मजूर बाया, दगडाकडे न पाहता मोबाइल पाहणारा एक मुलगा. त्यांच्यापैकी कोणीही अवशेष पाहायला आलेले नव्हते, असे तिने लिहिले होते. स्तूपाचे शिवलिंग झाले याबद्दल आपल्याला आधी राग आला, आणि मग लक्षात आले की ते झाले म्हणून तेथे रोज दिवा लागतो आणि दगडाला कोणी हात लावत नाही. यांतले काय बरोबर हे ठरवता येत नाही, असेही लिहिले होते. शिरवळजवळच्या शिंदेवाडीच्या डोंगरातल्या साध्या, नक्षी नसलेल्या बौद्ध लेण्यांना लोक 'पांडवदरा' म्हणतात, त्याच्याशी तिने याची तुलना केली होती. नाव चुकीचे असले तरी नाव आहे म्हणून वाट आहे, असे तिचे निरीक्षण. आम्ही दोघे इतकी वर्षे शिरवळवरून जातो. पांडवदऱ्याला आमच्यापैकी एकच जण, एकदाच गेला आहे.

यावरून अधू पायाने जास्त दिसते असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिने स्वतःच तो काढू दिला नाही. अहवालाच्या शेवटी तिने लिहिले होते की पांडवगड आपल्याला पाहायचाच होता, आणि तो न दिसल्याचे दुःख लोहाऱ्याच्या लेण्यांनी भरून निघाले नाही. रोपवे म्हणजे ऐतखाऊपणा असे आम्ही वर्गात सहज बोलून गेलो होतो, त्याचाही उल्लेख होता. नाव न घेता, अगदी आदराने. आम्ही त्या वाक्याखाली लाल शाईने काहीतरी लिहायला गेलो आणि सुचले नाही.

या वर्षीची सहल प्रतापगडाची ठरते आहे. ती आता द्वितीय वर्षाला आहे. परवा स्टाफरूमच्या दारात उभे राहून तिने विचारले, वाहनतळापासून भवानीच्या देवळापर्यंत पायऱ्या किती आहेत, मध्ये कठडा आहे का, आणि कोठे कोठे बसता येते. आम्ही दोघे मिळून प्रतापगडावर वीस-बावीस वेळा तरी गेलो असू. पायऱ्या किती, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. येत्या रविवारी मोजायला जाणार आहोत.